अपुऱ्या दिवसांच्या लेकीची हृदयाजवळची नळी : आत्ताच बंद करायची की थांबायचं?

पत्राचा गोषवारा

सातव्या महिन्यात रक्तदाब फार चढल्यामुळे 28 आठवडे पुरे होताच सिझर करावं लागलं. मुलगी झाली, वजन 1,050 ग्रॅम. नऊ आठवडे ती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होती. पहिल्याच आठवड्यात टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पीडीए, म्हणजे हृदयाजवळची एक नळी, उघडी दिसली. पॅरासिटामॉलचे दोन कोर्स झाले. नळी लहान झाली, पण मिटली नाही. तिसऱ्या कोर्सला डॉक्टरांनी नकार दिला, ‘आता थांबू’ म्हणाले आणि 2,100 ग्रॅम वजनावर बाळाला घरी सोडलं. आज मुलगी पाच महिन्यांची आहे, वजन 4,400 ग्रॅम. अंगावर पिते, वर थोडं डब्याचं दूध. ताज्या रिपोर्टमध्ये लिहिलं आहे: पीडीए 1.5 मिलिमीटर, पीएफओ (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली फट) 2 मिलिमीटर, दोन्हींतून प्रवाह डावीकडून उजवीकडे, एलए-एओ गुणोत्तर 1.2, डावे कप्पे नॉर्मल, फुफ्फुसांतला दाब नॉर्मल.

वडिलांचं म्हणणं, मुंबईला नेऊन नळी बंद करणारी छत्री बसवू आणि छिद्राचा विषय एकदाचा संपवू. आजी म्हणतात, काळीज कच्चं आहे. तिला रडू द्यायचं नाही, पालथं घालायचं नाही, लसही अंग धरल्यावरच. आई रात्ररात्र ऑक्सिमीटर बाळाच्या पायाला लावून बसते. तिचे प्रश्न तीन: नळी आत्ताच बंद करावी का? मुलगी पुढे धावू-खेळू शकेल का? आणि सातव्या महिन्यापर्यंत मी शाळेत उभी राहून शिकवत होते, त्यामुळे हे झालं का?

उत्तर

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर सरळ आहे: नाही. सिझर करावं लागलं ते रक्तदाबामुळे, आणि गर्भारपणातल्या या रक्तदाबाचं मूळ वारेत असतं. पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, की पुढे वारेला रक्त कमी पडतं आणि आईचा रक्तदाब चढत जातो. तुम्ही वर्गात उभ्या होतात की घरी बसून होतात, यावर ते ठरत नाही. असा रक्तदाब आटोक्याबाहेर गेला की प्रसूती करणं हाच त्यावरचा उपचार असतो. तुमच्या दोघींच्या जिवासाठी तो केला गेला. सिझरच्या आधी वेळ मिळाला असेल तर तुम्हाला स्टेरॉइडची इंजेक्शनंही दिली असतील. आपल्याकडे बहुधा डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, अशी चार. त्यांनी बाळाची फुफ्फुसं पिकायला मदत होते आणि ही नळी उघडी राहण्याची शक्यताही कमी होते. हा अपराधीपणा आजच खाली ठेवा. पुढचे निर्णय त्याच्या ओझ्याखाली घेतले जाऊ नयेत.

आता आजींच्या ‘कच्च्या काळजा’कडे येऊ. त्या अगदीच चुकलेल्या नाहीत, पण नेमकं काय कच्चं आहे हे कळलं की घरातली निम्मी बंधनं आपोआप गळून पडतील.

हृदयाची घडण फार लवकर पुरी होते. गर्भधारणेनंतर साधारण 22 व्या दिवशी ते धडधडू लागतं आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस चारही कप्पे, मधले पडदे, झडपा जागच्या जागी असतात. म्हणजे तुमची मुलगी जन्मली तेव्हा तिचं हृदय घडून कित्येक महिने झाले होते. त्यात काही बनायचं राहून गेलं आणि म्हणून छिद्र पडलं, असं नाही. ही नळी हृदयात नसतेच. ती हृदयाबाहेर, फुफ्फुसांकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि अंगभर रक्त नेणारी महाधमनी यांना जोडते, आणि प्रत्येक गर्भात असते. पोटात असताना फुफ्फुसं द्रवाने भरलेली असतात, प्राणवायू वारेतून येतो, त्यामुळे फुफ्फुसांकडे निघालेलं बरंचसं रक्त या नळीतून थेट महाधमनीत वळतं. ती उघडी होती म्हणून बाळ पोटात जगलं.

प्रोस्टाग्लँडिन ई2 नावाचं द्रव्य ती नळी सैल ठेवतं. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात: पहिल्या श्वासांनी रक्तातला प्राणवायू वाढतो, आणि वार सुटल्यामुळे हे द्रव्य झपाट्याने कमी होतं, उरलेलं फुफ्फुसं मोडून टाकतात. नळीच्या भिंतीतला स्नायू आवळतो, दोन-तीन दिवसांत प्रवाह थांबतो आणि दोन-तीन आठवड्यांत नळीचा धागा होतो. 28 आठवड्यांच्या बाळात मात्र हा स्नायू प्राणवायूला कमी दाद देतो आणि प्रोस्टाग्लँडिनला जास्त. शिवाय भिंत इतकी पातळ असते, की नळी आवळली तरी आतल्या पेशींना पोषण मिळतच राहतं. त्या मरत नाहीत, वण धरत नाही, आणि मिटलेली नळी पुन्हा उघडते. 28 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या निम्म्याहून अधिक बाळांत पहिला आठवडा उलटला तरी ती उघडी सापडते. दिवस पुरे व्हायच्या आत बाहेर आलेल्या बाळात अजून पोटातल्याच नियमाने चाललेली ही नळी आहे. हिला जन्मजात व्यंग म्हणू नका.

पीएफओचं तर आणखी सोपं आहे. वरच्या दोन कप्प्यांमधली ती एक झडपेसारखी फट. धडधाकट मोठ्या माणसांतही चारांतल्या एकात ती थोडी उघडी असते. 2 मिलिमीटरच्या पीएफओसाठी झोप घालवू नका.

त्रास कशाने होतो? जन्मानंतर महाधमनीतला दाब फुफ्फुसांच्या वाहिनीपेक्षा चढतो, त्यामुळे नळीतला प्रवाह उलटा फिरतो: अंगाकडे निघालेलं रक्त पुन्हा फुफ्फुसांत जातं. नळी मोठी असेल तर फुफ्फुसं रक्ताने जड होतात, व्हेंटिलेटर सुटत नाही, आणि तिकडे आतडी व मूत्रपिंडं यांना रक्त कमी पडतं. नाडी तळहातातही उड्या मारताना लागते, लघवी कमी होते, पोट फुगतं. म्हणून एनआयसीयूत पहिल्या दिवसांत तिच्याकडे इतकं लक्ष असतं. कमी दिवसांच्या बाळात कधीकधी मोठी नळी असूनही स्टेथोस्कोपला आवाज येत नाही, तेव्हा इकोशिवाय गत्यंतर नसतं.

तुमच्या डॉक्टरांनी तिसरा कोर्स नाकारला याचा अर्थ त्यांनी हात टेकले असा लावू नका. पॅरासिटामॉल काय किंवा आयबुप्रोफेन काय, दोन्ही प्रोस्टाग्लँडिन बनणं कमी करूनच काम करतात. पॅरासिटामॉल बहुधा किलोमागे 15 मिलिग्रॅम दर सहा तासांनी, तीन ते सात दिवस देतात. आयबुप्रोफेन पहिल्या दिवशी किलोमागे 10 मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस 5-5. पण बाळ दोन-तीन आठवड्यांचं होता होता नळी उघडी ठेवण्यात या द्रव्याचा वाटाच कमी होत जातो, आणि मग औषधाने साधत नाही. आयबुप्रोफेनने मूत्रपिंडांवर, पॅरासिटामॉलने यकृतावर येऊ शकणारा ताण मात्र तसाच राहतो. याच कारणाने एक गोष्ट बजावून सांगायची आहे: नळी मिटावी म्हणून घरात पॅरासिटामॉलचा एक थेंबही देऊ नका. ताप आला तर डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेली मात्रा द्या, तेवढीच.

थांबण्याकडे बालरोगतज्ज्ञ अलीकडे का झुकले, तेही तुमच्या यजमानांना सांगा. पूर्वी नळी दिसली की औषध, औषधाने नाही मिटली की शस्त्रक्रिया, असा रिवाज होता. मग नेदरलँड्स, बेल्जियम आणि डेन्मार्कमध्ये मिळून झालेल्या चाचणीत 28 आठवड्यांच्या आतली बाळं दोन गटांत वाटली. एकाला लवकर आयबुप्रोफेन, दुसऱ्यात नुसती वाट पाहायची. 2023 साली छापून आलेल्या निष्कर्षात वाट पाहिलेली बाळं मृत्यू, आतड्यांचा आजार आणि फुफ्फुसांचा दीर्घ आजार यांत मागे पडली नव्हती. ब्रिटनमधल्या 2024 च्या मोठ्या चाचणीतही, पहिल्या तीन दिवसांत मोठ्या नळीला आयबुप्रोफेन देऊन मृत्यू किंवा फुफ्फुसांचा आजार कमी झाला नाही. या चाचण्या पहिल्या दिवसांतल्या औषधाबद्दल आहेत, पाच महिन्यांच्या बाळातल्या छत्रीबद्दल नाहीत, हे मान्य. पण ‘उघडी आहे म्हणजे बंद केलीच पाहिजे’ हे गृहीतक त्यांनी ढिलं केलं, आणि तुमच्या घरातला वाद त्याच गृहीतकावर उभा आहे.

मिलिमीटर हा आकडा रिपोर्टमधला सगळ्यात मोठ्या अक्षरांतला असतो, पण निर्णय एकट्या त्याच्यावर होत नाही. नळीतून जाणारं जादा रक्त हृदयाला जड जातंय का, हे बघायचं असतं. ते रक्त फुफ्फुसांतून फिरून डाव्या वरच्या कप्प्यात परत येतं. भार असेल तर तो कप्पा फुगतो. म्हणून त्याची रुंदी महाधमनीच्या रुंदीशी ताडून पाहतात. तेच एलए-एओ गुणोत्तर. ते 1.4-1.5 च्या वर गेलं की भुवया उंचावतात. तुमच्या मुलीचं 1.2 आहे, डावे कप्पे नॉर्मल आहेत, फुफ्फुसांतला दाब नॉर्मल आहे. नळी उघडी आहे, पण हृदयाला तिची दखल घ्यावी लागलेली नाही.

दुसरा पुरावा रिपोर्टमध्ये नाही, तुमच्याच पत्रात आहे. घरी आली तेव्हा 2,100 ग्रॅम, आज 4,400. तेरा आठवड्यांत 2,300 ग्रॅम, म्हणजे रोज सरासरी 25 ग्रॅम. या टप्प्यावर रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. हृदयावर भार असलेलं बाळ असं बाळसं धरत नाही. त्याची ताकद श्वास घेण्यात आणि दूध ओढण्यातच खर्च होते. शेजारच्या पाच महिन्यांच्या बाळाशी तिची तुलना करू नका. 40 आठवड्यांचा हिशेब धरला तर तुमची लेक जेमतेम सव्वादोन महिन्यांची आहे, आणि वाढीचा तक्ता त्याच वयाने वाचायचा. दोन वर्षांची होईपर्यंत असाच वाचायचा.

मग छत्रीचं काय? हा पर्याय चांगला आहे आणि दिवसेंदिवस सुधारतो आहे. मांडीतल्या शिरेतून बारीक कॅथेटर नेऊन धातूच्या जाळीचं बटण, म्हणजेच ही छत्री, बसवतात, छाती उघडावी लागत नाही. अमेरिकेत 2019 साली 700 ग्रॅम वजनाच्या बाळांपर्यंत चालेल अशा छोट्या बटणाला मान्यता मिळाली. पण ती सोय व्हेंटिलेटरवरून न सुटणाऱ्या, नळीमुळे खरोखर खचत चाललेल्या बाळांसाठी आहे. लहान बाळात बटण सरकू शकतं, शेजारच्या फुफ्फुसाच्या वाहिनीत किंवा महाधमनीत डोकावून वाट अडवू शकतं, मांडीतली रक्तवाहिनी दुखावू शकते. फायदा मोठा असतो तेव्हा हे धोके पत्करण्याजोगे असतात. तुमच्या मुलीला आज फायदा जवळजवळ काहीच नाही, कारण तिला त्रासच नाही. शिवाय लवकर जन्मलेल्या बाळांपैकी जी उघडी नळी घेऊन घरी जातात, त्यांतल्या बहुतेकांची ती पहिल्या वर्षाच्या आत आपोआप मिटते. वर्षानंतरही राहिली, तर तेव्हा तिचं वजन सहा किलोंच्या वर असेल, बटणांचे पर्याय वाढलेले असतील, शिरा रुंद असतील आणि तेच काम एक-दोन दिवसांच्या मुक्कामात होईल. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता थांबा. मात्र तारखा ठरवून थांबा. पुढचा इको तीन महिन्यांनी, मग पहिल्या वाढदिवसाच्या आसपास. तेव्हा नळी उघडी असेल आणि आवाज ऐकू येत असेल तर बंद करण्याचा सल्ला साधारणपणे देतात. इकोशिवाय कळतही नाही इतकी बारीक उरली असेल तर तीही सोडून देतात. बटण बसवलंच, तर पुढचे सहा महिने दाताचं काम करण्याआधी अँटिबायोटिक लागतं, हे दंतवैद्याला सांगायला विसरू नका.

थांबण्याचा निर्णय बदलायला लावणारी कारणं अशी: डावे कप्पे फुगू लागणं, फुफ्फुसांतला दाब वाढणं, वजन दोन-तीन आठवडे अडून राहणं, न्यूमोनिया पुन्हा-पुन्हा होणं. यांतलं एकही दिसलं तर वर्षाची वाट पाहायची नाही. यजमानांना एक प्रश्न लिहून द्या आणि कार्डिओलॉजिस्टला तोच विचारायला सांगा: ‘आज बंद केली नाही तर येत्या सहा महिन्यांत नेमकं काय बिघडेल?’ उत्तरात ठोस काही आलं तर त्यावर विचार करा. ‘विषय संपवू’ ही मोठ्यांच्या मनाची गरज आहे. ती खरी आहे, बाप म्हणून साहजिक आहे, पण भूल मात्र मुलीला घ्यावी लागते.

जी बाळं तुमच्या मुलीइतकी सुदैवी नाहीत त्यांच्या आईवडिलांसाठीही थोडं. नळी मोठी असेल, बाळ खचत असेल आणि बटण शक्य नसेल तर शस्त्रक्रियेने ती बांधतात. त्यात आवाजाच्या पडद्याची डावी नस दुखावू शकते. नंतर बाळाचं रडणं घोगरं किंवा क्षीण वाटलं, दूध पिताना ठसका लागला तर लगेच सांगा. खर्चाची चिंता असेल तर आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधूनच सुरू झाला. त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि हृदयविकारासाठी पुढे पाठवणी होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही त्याच वेळी विचारणा करा. इकोचे सगळे जुने रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत जवळ ठेवा. नव्या डॉक्टरांना आजचा आकडा कळून उपयोग नसतो, आकडा कुठून कुठे आला हे लागतं.

घरातलं आता.

रडू द्या. लहान नळी आणि फुफ्फुसांचा दाब नॉर्मल, अशा बाळाच्या हृदयाला रडण्याने इजा होत नाही. आजी बाळाला दिवसभर कडेवर ठेवतात त्यात माया आहे, पण जागेपणी, समोर बसून, दिवसातून चार-पाच वेळा काही मिनिटं पालथं घातलं नाही तर मान आणि खांदे मागे पडतील. झोपताना मात्र उताणीच. रडताना ओठ आणि जीभ निळी होत असेल तर गोष्ट वेगळी. तो त्याच दिवशी दाखवायचा प्रश्न आहे.

लसीला उशीर करू नका. तारीख जन्मापासून मोजतात, वजनावरून नाही आणि 40 आठवड्यांच्या हिशेबानेही नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या मात्रा राहिल्या असतील तर या आठवड्यात जा. न्यूमोकॉकल लस आता सरकारी लसीकरणात मोफत आहे. रोटाची पहिली मात्रा वयाशी बांधलेली असते, त्यामुळे आणखी रेंगाळू नका. सहा महिने झाले की फ्लूची लस विचारा. कमी दिवसांच्या बाळाला नळीपेक्षा डांग्या खोकला आणि न्यूमोनिया यांचं भय जास्त.

रात्रीचा ऑक्सिमीटर काढून ठेवा. मोठ्यांच्या बोटाचा चिमटा इवल्या पावलावर नीट बसत नाही, बाळ हललं की आकडा कोसळतो, आणि तुम्ही धडधडत उठता. डॉक्टरांनी घरी प्राणवायू दिलेला असेल किंवा सतत नोंद ठेवायला सांगितली असेल तरच ते यंत्र हवं, आणि तेही लहान बाळाच्या प्रोबसह. त्याऐवजी दोन गोष्टी करा. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून वजन; आशाताई मदत करतील. आणि शंका आली तर ती गाढ झोपेत असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण ही बाळं एका लयीत श्वास घेत नाहीत. झोपेतही 50 च्या वर सतत जात असेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, पिता-पिता दमून सोडून देत असेल, एक दूध घ्यायला अर्ध्या तासाहून जास्त लागू लागलं असेल किंवा पिताना कपाळावर घाम फुटत असेल, तर दवाखाना गाठा. ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर मध्यरात्र असली तरी थांबू नका.

धुरी बंद. ओव्याची, शेपाची, गोवरीची, कुठलीच नको. उदबत्तीही त्या खोलीत नको. नऊ आठवडे एनआयसीयूत काढलेल्या फुफ्फुसांना धूर सोसत नाही, आणि फुफ्फुसांतला दाब वाढला की हृदयाचा उजवा भाग भरडला जातो. मध आणि गुटी वर्षभर नको. अंगाला हलक्या हाताने तेल लावायला काहीच हरकत नाही. लोहाचे थेंब चालू आहेत का, पाहा. साधारण किलोमागे 2 मिलिग्रॅम रोज, वर्ष पुरं होईपर्यंत लागतात. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त वेगाने धावावं लागतं, आणि लहान बाळाचं हृदय काम वाढवायचं म्हणजे मुख्यतः ठोकेच वाढवतं.

एक बाजूची गोष्ट, पण महत्त्वाची: पत्रात डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचा उल्लेख नाही. 28 आठवड्यांच्या बाळाला ती जन्मानंतर चार आठवड्यांच्या आतच व्हायला हवी होती. झाली नसेल तर हृदयाचा विषय दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा.

आता धावण्या-खेळण्याचं. इथे आजींच्या शब्दातला खरा भाग येतो. आकार पुरा होता, पण स्नायू कोवळा होता. 28 आठवड्यांच्या हृदयात आकुंचनाचे तंतू विरळ असतात आणि पेशीच्या आतला कॅल्शियमचा साठा पुरेसा नसतो. अचानक वाढलेला दाब त्याला पेलत नाही; म्हणूनच नळी शस्त्रक्रियेने बांधल्यावर सहा ते बारा तासांत काही बाळांचा रक्तदाब ढासळतो. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत हृदयाच्या पेशी संख्येने वाढणं थांबवून आकाराने वाढू लागतात. लवकर जन्मलेल्या बाळात हा बदल बाहेरच्या जास्त दाबाखाली आणि वेळेआधी होतो. त्याच्या खुणा राहतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात लवकर जन्मलेल्या 102 जणांची तरुणपणी एमआरआयने तपासणी केली; ती 2013 साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या हृदयाचे कप्पे सरासरीने आखूड आणि आतून लहान होते, भिंती जाड होत्या, आणि उजव्या बाजूला फरक अधिक होता. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात अशा तरुणांचं हृदय विश्रांतीत व्यवस्थित चालत होतं. जोराच्या व्यायामात मात्र राखीव ताकद थोडी कमी पडत होती.

हे वाचून घाबरू नका. नेटवर स्वीडनच्या नोंदींवरून ‘हृदय निकामी होण्याचा धोका कितीतरी पट’ असंही काही वाचाल. मुळात तरुणांत हा आजार इतका विरळ आहे, की कितीतरी पट होऊनही बहुसंख्य मुलांना तो होत नाही. यातून खेळणं बंद करा असा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो. राखीव ताकद कमी असेल तर ती जपायची कमावून: पळू द्या, पोहायला घाला, लंगडी-खोखो खेळू द्या. कार्डिओलॉजिस्टने स्वतः लेखी बंदी घातलेली नसेल तर शाळेत ‘हिचं हृदय नाजूक आहे, पीटीतून वगळा’ अशी चिठ्ठी देऊ नका. त्या चिठ्ठीने मूल लठ्ठ होतं, आणि लठ्ठपणाने रक्तदाब चढतो.

रक्तदाब हाच या मुलांचा पुढचा खरा विषय आहे. मूत्रपिंडातल्या गाळण्या 36 आठवड्यांपर्यंत बनत असतात. लवकर जन्मलेल्यांना त्या कमी मिळतात. लवकर जन्मलेल्या मोठ्या माणसांचा वरचा रक्तदाब सरासरी 3-4 अंकांनी जास्त आढळतो. म्हणून 32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा रक्तदाब तीन वर्षांची होण्याची वाट न पाहता प्रत्येक भेटीत मोजावा, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. गर्दीत तो राहून जातो. तुम्ही मागून घ्या. पट्टा लहान मुलांचाच हवा: आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे 40 टक्के. पट्टा लहान पडला तर आकडा खोटा जास्त येतो. मूत्रपिंडांसाठीच, वेदनाशामकं आणि भस्मं स्वतःच्या मनाने कधीही नकोत. वजन पहिल्या वर्षात भरून निघू द्या, मेंदूला ते लागतं. पण दोन वर्षांनंतर ‘लहान राहिली’ म्हणून तूप-साखर कोंबू नका.

दुधाबद्दल एक चांगली बातमी. ऑक्सफर्डच्याच गटाने 2016 साली दाखवलं, की बाळपणी फक्त मानवी दूध मिळालेल्या अशा मुलांचे हृदयाचे कप्पे तरुणपणी फॉर्म्युल्यावर वाढलेल्यांपेक्षा मोठे, म्हणजे पूर्ण दिवसांच्या मुलांच्या अधिक जवळचे होते. अंगावर पाजता आहात ते जमेल तितकं चालू ठेवा. वरचं दूध डॉक्टरांनी वजनासाठी सांगितलं असेल तर तेही द्या. वजन अडलेलं बाळ कुठल्याच तत्त्वासाठी उपाशी ठेवू नये.

आजींशी वाद घालण्यापेक्षा पुढच्या इकोला त्यांना सोबत न्या आणि वजनाचा तक्ता डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. येणाऱ्या प्रत्येकाला साबणाने हात धुवायला लावणं आणि सर्दी झालेल्याला उंबऱ्यावरच थांबवणं हे काम त्यांच्याकडे सोपवा. ते त्या तुमच्यापेक्षा अधिकाराने करतील, आणि बाळाच्या हृदयासाठी त्याचा खरा उपयोग आहे.

आणि ताई, त्याच भेटीत स्वतःचाही दंड पुढे करा. गर्भारपणात ज्यांचा रक्तदाब असा चढला आणि लवकर प्रसूती झाली, त्या आईला पुढच्या आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकार होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते. प्रसूतीनंतर तीन महिन्यांनी तुमचा रक्तदाब कुणी मोजला का? नसेल तर या आठवड्यात मोजा, रक्तातली साखर आणि लघवीतली प्रथिनं तपासा, पुढे दरवर्षी एकदा. पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना हा इतिहास सांगा. बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन सुरू करायचं का, हे त्यांना तेव्हाच ठरवावं लागतं.